लूव्हिएचे नगराध्यक्ष

पुदुच्चेरीत १ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी असते, हे मला तिथल्या ग्रंथालयाच्या बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. शेजारी झेरॉक्सच्या दुकानात एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आज फ्रेंच गेले." मी म्हटलं, मग १६ ऑगस्टला कसली सुट्टी असते? "तेव्हा कागदावर गेले." एवढं बोलून ते पुन्हा यंत्रात कागद भरायला लागले. दिवस मोकळाच होता, म्हणून समुद्रावर गेले. खाऱ्या वाऱ्याने केसांचा गुंता होत होता, पोरं सुंडलचे द्रोण घेऊन पळत होती, आणि चौथऱ्यावर डुप्ले उभा होता. हिंदुस्थानात फ्रेंच साम्राज्य उभं करायला निघालेला आणि शेवटी मायदेशी कर्जात बुडून मेलेला डुप्ले. त्याच्या पायथ्याशी सेल्फी काढणाऱ्यांची रांग होती. माझ्या मनात आलं, घ्यायला आलेल्याचा पुतळा आहे. परत देणारा कोण होता?

हा प्रश्न एरवी मी दोन मिनिटांत विसरले असते. पण मी बांद्याची. आमच्याकडून गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी हाकेच्या अंतरावर. १५ ऑगस्ट १९५५ला तिथे निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगिजांच्या गोळ्यांना सामोरे गेले, आणि त्या दिवसाबद्दल घरातली मोठी माणसं बोलायला लागली की बोलता बोलता मध्येच थांबायची. गोव्याला १९६१च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं आणि शेवटी सैन्य पाठवावं लागलं. मग एक युरोपीय देश मतं मोजून, सह्या करून निघून जातो आणि दुसरा हटता हटत नाही, हे कसं? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार आम्हाला पाठ होता. त्याच्या समोरच्या रकान्यातलं नाव मला कोणी शिकवलं नव्हतं. ते नाव पिएर मेंदेस फ्रान्स. गंमत म्हणजे त्यांचे पूर्वज पोर्तुगालमधूनच बाहेर पडलेले ज्यू.

फ्रान्सच्या पंतप्रधानपदावर हा माणूस जेमतेम साडेसात महिने होता. त्याआधी आणि नंतर त्यांची ओळख होती ती लूव्हिएचे नगराध्यक्ष ही. लूव्हिए म्हणजे पॅरिसहून शंभरेक किलोमीटरवरचं, नॉर्मंडीतलं लोकरी कापडाचं जुनं गाव. अर नदी तिथे फाटे फुटून गावातून वाहते आणि त्या पाण्याच्या आधाराने गिरण्या उभ्या राहिल्या. पॅरिसमध्ये जन्मलेला, तयार कपड्यांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा, लहान वयात वकील झालेला, १९३२ साली इथून खासदार झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. सभागृहात त्याच्याहून लहान कोणी नव्हतं. तीन वर्षांनी तो नगराध्यक्षही झाला. आपल्याकडे नगरसेवक आमदार झाला की खालची खुर्ची भावजयीला देतो. फ्रान्समध्ये दोन्ही खुर्च्या एकाच माणसाने सांभाळायची रीत होती. खासदाराला दोन्ही एकदम ठेवता येणार नाहीत असा कायदा झाला तो २०१४ साली, लागू झाला २०१७पासून. त्यामुळे आठवड्यातले काही दिवस देशाचा अर्थसंकल्प आणि उरलेल्या दिवसांत गावातली गटारं, शाळा, लग्नं. लग्नं म्हणजे खरोखर लग्नं: तिथे कायद्याने लग्न लागतं ते नगरपालिकेत, तिरंगी पट्टा गळ्यात घातलेल्या नगराध्यक्षासमोर. देशाच्या तिजोरीचं गणित मांडणारा माणूस शनिवारी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे कागद वाचून दाखवतोय, हे चित्र मला फार आवडतं. पॅरिसमध्ये विद्वान म्हणून मान मिळत असेल. लूव्हिएत मात्र त्याला नळाला पाणी का नाही हे सांगावं लागणारच.

१९३६च्या जुलैमध्ये बर्लिन ऑलिम्पिकला संघ पाठवायच्या खर्चावर फ्रेंच संसदेत मतदान झालं. हिटलरचं बर्लिन. डाव्या बाजूच्या अनेकांनी तटस्थ राहून वेळ मारून नेली. विरोधात स्पष्ट मत देणारे एकटे मेंदेस फ्रान्स. अशा एकट्या मताचा उपयोग काय, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणते. पण पुढचं सगळं वाचताना हे एक मत माझ्या डोक्यातून जात नाही.

युद्धातली त्यांची एक गोष्ट मात्र ऐकवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४०च्या जूनमध्ये फ्रान्स कोसळला, तेव्हा लढाई आफ्रिकेतून चालू ठेवता येईल या आशेने काही खासदार बोर्दोहून मासिलिया नावाच्या जहाजाने मोरोक्कोला निघाले. हवाई दलातले लेफ्टनंट मेंदेस फ्रान्स त्यांत होते. जर्मनीपुढे शस्त्रं ठेवणाऱ्या पेतँच्या सरकारने त्यांच्यावर उलट आरोप ठेवला, की हे सैन्य सोडून पळाले. क्लेर्मों-फेराँच्या लष्करी न्यायालयाने १९४१च्या मे महिन्यात सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. जूनमध्ये एका रात्री ते निसटायला निघाले. भिंतीवर चढले, आता खाली उडी मारायची, तर नेमकं खाली झाडाजवळ एक जोडपं उभं. मुलगा विनवण्या करतोय, मुलगी ठरवू शकत नाही. वर भिंतीवर फ्रान्सचा माजी उपमंत्री अंग चोरून बसलेला, आणि खाली प्रेमाच्या वाटाघाटी काही संपेनात. बऱ्याच वेळाने ती एकदाची हो म्हणाली आणि दोघं निघून गेले. खूप वर्षांनी कॅमेऱ्यासमोर ही हकीकत सांगताना मेंदेस फ्रान्स म्हणाले, की त्या होकाराने त्या मुलापेक्षा मला जास्त आनंद झाला. सांगताना डोळ्यांत मिश्किल हसू. एरवी कायम जागरण झाल्यासारखा दिसणारा तो चेहरा, दाट भुवया, गालांवर वाढू पाहणारी दाढी.

पुढे लपतछपत, स्वित्झर्लंड आणि पूर्वजांचं पोर्तुगाल ओलांडून ते लंडनला पोचले, जनरल द गॉलच्या स्वतंत्र फ्रान्सच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानावर नॅव्हिगेटर झाले. मग द गॉलनेच त्यांना विमानातून उतरवून अर्थखात्यावर बसवलं. १९४४च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला जगाच्या पैशाची नवी घडी बसवायला चव्वेचाळीस देश जमले, तेव्हा फ्रेंच शिष्टमंडळाचे प्रमुख तेच होते. त्याच माउंट वॉशिंग्टन हॉटेलात हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बसले होते, आपले रोह्याचे चिंतामणराव देशमुख. डोंगरातलं ते पांढरं प्रचंड हॉटेल, आत नाणेनिधीच्या मसुद्यावर कीस पाडणारी मंडळी, आणि त्यांत हे दोघं. या दोघांचा धागा पुढे बारा वर्षांनी पुन्हा येतो, तोवर थांबूया.

फ्रान्स मुक्त झाल्यावर मेंदेस फ्रान्स अर्थव्यवस्थेचे मंत्री झाले. नोटा बदलून घ्या, खाती गोठवा, काळ्या बाजारात कमावलेला पैसा उघडा पाडा, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी आधीच इतकं सोसलंय, त्यांना आणखी पिळू नका, असं दुसऱ्या बाजूचे, तिजोरी सांभाळणारे मंत्री प्लेवाँ म्हणत होते. द गॉलने प्लेवाँचं ऐकलं. मेंदेस फ्रान्सनी लांबलचक राजीनामापत्र लिहिलं आणि १९४५च्या एप्रिलमध्ये बाहेर पडले. महागाई मग कशी भडकली हे फ्रेंच माणसं विसरलेली नाहीत. पण मला हेही वाटतं, की पाच वर्षं रेशनवर जगलेल्या बाईला "आता तुझी नोट जमा कर" असं सांगायला फार कोरडं मन लागतं. प्लेवाँ चुकले असतील, तरी माणसाच्या भुकेला ते जवळचे होते.

नंतरची आठनऊ वर्षं मंत्रिपद नाही. लूव्हिए मात्र होतं. १९४०च्या जूनमध्ये जळालेलं गाव पुन्हा बांधायचं होतं. आणि संसदेत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले: इंडोचायनातलं युद्ध आपल्याला परवडत नाही, एक तर तिप्पट पैसा आणि माणसं ओता, नाही तर समोरच्याशी बोला. १९५३च्या जूनमध्ये पंतप्रधानपदासाठी सभागृहासमोर उभे राहिले तेव्हा म्हणाले, राज्य करणं म्हणजे निवड करणं. तेरा मतं कमी पडली. वर्षभराने, १९५४च्या मे महिन्यात, व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं ठाणं दिएन बिएन फू पडलं. मग जूनमध्ये हेच सभागृह त्यांच्याकडे आलं. त्यांनी जे केलं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो: मला २० जुलैपर्यंत वेळ द्या, तोवर युद्धबंदी झाली नाही तर मी राजीनामा देतो. एक महिना. मतं पडली ४१९. ज्या व्यवस्थेत बारा वर्षांत वीसहून जास्त सरकारं आली आणि गेली, तिथे सगळे जण तारीख टळावी म्हणून जगत होते. याने स्वतःवरच तारीख लावून घेतली.

जिनिव्हातल्या वाटाघाटींत शेवटच्या दिवशी रशियाचे मोलोटोव्ह, चीनचे चाऊ एन लाय, ब्रिटनचे ईडन, हो ची मिन्हच्या बाजूचे फाम वान डाँग, सगळे एका छपराखाली. अधिकृत खुर्ची नसलेले आपले कृष्ण मेननही या दारातून त्या दारात फिरत होते. सह्या व्हायला २१ तारखेची पहाट उजाडली. त्यासाठी भिंतीवरची घड्याळं मध्यरात्रीलाच थांबवून ठेवली होती असं सांगतात. व्हिएतनाम सतराव्या अक्षांशावर दुभंगला, आणि त्याचं पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे. या तहाचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते ती इथे. पण फ्रेंच सैनिक घरी परतले. दहाच दिवसांनी हा माणूस ट्यूनिसजवळ कार्थेजला उतरून ट्यूनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देऊन मोकळा झाला.

आणि मग पाँडिचेरी. फ्रेंच राज्यघटनेप्रमाणे तिथल्या जनतेच्या संमतीशिवाय प्रदेश सोडता येत नव्हता. म्हणून १८ ऑक्टोबर १९५४ला कीळूर नावाच्या खेड्यात लोकप्रतिनिधी जमले. १७८ जण, १७० भारताच्या बाजूने, ८ विरोधात. २१ तारखेला दिल्लीत करार झाला आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हाती आला. कागदावरचा तह १९५६ साली झाला, पण फ्रेंच संसदेच्या मान्यतेसह तो अमलात यायला १९६२चा ऑगस्ट उजाडला. त्या झेरॉक्सवाल्या आजोबांचा हिशोब बरोबर होता. मधली सहा वर्षं का गेली? कारण तोवर फ्रान्सला प्रदेश सोडण्याचा कुठलाही कागद पुढे करायची भीती वाटायला लागली होती.

भीतीचं कारणही त्याच तारखेचं.

१ नोव्हेंबर १९५४. सर्व संतांचा सण, फ्रान्समध्ये कबरींवर शेवंती वाहायचा दिवस. पाँडिचेरीत तिरंगा वर जात होता त्याच दिवशी अल्जीरियात पहाटेपूर्वीच ठिकठिकाणी बॉम्ब आणि बंदुका वाजल्या, आणि आठ वर्षं चालणारं युद्ध सुरू झालं. मी दोन्ही बातम्या मनात शेजारी ठेवून पाहते आणि मला कळत नाही, की तेच हात दोन ठिकाणी इतके वेगळे कसे वागले. मेंदेस फ्रान्स १२ नोव्हेंबरला संसदेत म्हणाले, की अल्जीरियाचे जिल्हे प्रजासत्ताकाचा भाग आहेत, तिथे तडजोड नाही. गृहमंत्री फ्रान्स्वा मितराँही तेच म्हणाले. पाँडिचेरी सोडणं तसं सोपं होतं: किनाऱ्यावरचे चार तुकडे, तिथे राहणारे मूठभर फ्रेंच. अल्जीरियात दहा लाख युरोपीय माणसं होती, त्यांचे खासदार त्याच सभागृहात बसत होते. गोव्याबद्दल सालाझारही हेच म्हणत होता, की ही वसाहत नाही, हा पोर्तुगालच आहे. बांद्याच्या माणसाच्या कानाला ते वाक्य ओळखीचं लागतं. मला मेंदेस फ्रान्स आवडतात, पण इथे मी त्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

दुधाबद्दल सांगायचं राहिलं. दर शनिवारी रेडिओवरून लोकांशी साध्या भाषेत बोलणारा हा पंतप्रधान दारूच्या मागे लागला. फ्रान्समध्ये लाखो शेतकऱ्यांना घरच्या फळांपासून ठरावीक दारू करमुक्त गाळायचा वंशपरंपरागत हक्क होता. काजूच्या दिवसांत आमच्या पलीकडे गोव्यात प्रत्येक वाडीवर भट्टी पेटते तसंच काहीसं, फक्त सफरचंदाच्या वासाचं. मेंदेस फ्रान्सनी तो हक्क आवळला आणि शाळेतल्या मुलांना दूध द्यायला सुरुवात केली. स्वतः जाहीर कार्यक्रमांत दुधाचा पेला हातात घेऊन उभे राहिले. आता बघा, हे खासदार कुठले? नॉर्मंडीचे. सफरचंदाची सायडर आणि तिच्यापासून गाळलेली काल्व्हादोस हेच ज्या मुलखाचं सुख. स्वतःच्या मतदारांच्या परसातल्या भट्टीवर हात टाकणारा पुढारी मी दुसरा पाहिलेला नाही. शिवाय नॉर्मंडी दुधाचीही आहे, तेव्हा गवळ्यांची मतं मिळाली असतील असं कोणी म्हणेल. तेवढी चतुराई त्यांच्यात असती तर बरं झालं असतं. पुजाद नावाच्या दुकानदारांच्या पुढाऱ्याने या दुधावरून थेट रक्तावर हात घातला: अंगात गॉल, म्हणजे फ्रेंचांच्या प्राचीन पूर्वजांच्या, रक्ताचा एक थेंब जरी असता तर हा माणूस आंतरराष्ट्रीय समारंभात स्वतःसाठी दुधाचा पेला मागवायला धजला नसता. म्हणजे ज्यू आहे, आपला नाही. आडनावातच फ्रान्स असलेल्या, फ्रान्ससाठी विमानातून लढलेल्या माणसाला हे ऐकावं लागत होतं, आणि ऐकवणाऱ्याच्या सभा भरत होत्या.

१९५५च्या फेब्रुवारीत उत्तर आफ्रिकेच्या धोरणावरून सरकार पडलं, ३१९ विरुद्ध २७३. रिवाज असा की हरलेला पंतप्रधान गुपचूप निघून जातो. हे परत व्यासपीठावर चढले आणि आरडाओरड्यात बोलले, की माणसं जातात, देशाच्या गरजा राहतात. पुढच्या वर्षी गी मॉलेंच्या सरकारात बिनखात्याचे मंत्री झाले. अल्जीरियात आणखी सैन्य जात होतं, छळाच्या बातम्या येत होत्या. या वेळी मात्र त्यांना दिसलं. १९५६च्या मे महिन्यात राजीनामा. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, दिल्लीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून चिंतामणराव बाहेर पडले. तेही आमच्या कोकणातल्या, कुलाब्याच्या मतदारसंघाचे खासदार. देशमुखांच्या राजीनाम्याची गोष्ट आमच्या घरी छाती फुगवून सांगितली जायची. त्यानंतर कोणी विचारायचं नाही, की पुढे देशाला त्यांचा राजकारणात उपयोग किती झाला.

तोच प्रश्न मी लूव्हिएला विचारते. १९५८ साली सैन्याच्या बंडाच्या सावलीत द गॉल सत्तेवर आले. मेंदेस फ्रान्सनी विरोध केला: मतदानावर बंदुकीची छाया असताना मी हो म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ज्या मतदारांनी सव्वीस वर्षं त्यांना ओळखलं होतं, त्यांनीच पाडलं. यावर त्यांनी काय करावं? नगराध्यक्षपदही सोडलं, जिल्हा परिषदही सोडली. ते कोणी काढून घेतलं नव्हतं. गाव नको म्हणतंय तर गावाचा पट्टा गळ्यात कशाला, असा त्यांचा ताठा. त्याच निवडणुकीत मितराँही पडले. त्यांनी चार-पाच महिन्यांत निएव्र जिल्ह्यातलं शातो-शिनों नावाचं डोंगरातलं छोटं गाव पकडलं, तिथले नगराध्यक्ष झाले, सिनेटवर गेले, आणि १९८१पर्यंत ते गाव सोडलं नाही. मेंदेस फ्रान्सनी १९५६मध्ये राजीनामा दिला तेव्हा मितराँ त्याच सरकारात न्यायमंत्री होते आणि वर्षभर राहिले. त्या काळात अल्जीरियन कैद्यांची डोकी डझनावारी गिलोटिनखाली गेली. तोच मितराँ राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९८१च्या ऑक्टोबरमध्ये फाशीची शिक्षा त्याच्याच सरकारने रद्द केली. चिकटून राहणाऱ्याच्या हातून ते झालं. सोडून गेलेल्याच्या हातून नाही.

मधल्या काळात मेंदेस फ्रान्सनी प्रयत्न केलेच. १९६७ साली ग्रनोब्लमधून निवडून आले, पुढच्याच वर्षी सव्वाशे-दीडशे मतांनी पडले. १९६९मध्ये मार्सेयचे नगराध्यक्ष गास्तों दफेर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, जिंकलो तर पंतप्रधान मेंदेस फ्रान्स, अशी जोडी जाहीर करून. पाच टक्के मतं. त्यांच्या नावावर जीव टाकणारी एक पिढी होती, वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत, प्रशासनात. जीव टाकणाऱ्यांची बेरीज पाच टक्क्यांपुढे गेली नाही. २१ मे १९८१ला मितराँनी एलिझे राजवाड्यात सूत्रं घेतली तेव्हा पाहुण्यांत उभ्या असलेल्या मेंदेस फ्रान्सना मिठी मारली, आणि मेंदेस फ्रान्सना रडू आवरलं नाही. पुढच्या वर्षी १८ ऑक्टोबरला कामाच्या टेबलाशीच गेले. कीळूरच्या मतदानाचीही तीच तारीख.

त्या अश्रूंचा अर्थ लावणाऱ्यांनी भाबडा अर्थ लावलाय, की शिष्य जिंकला म्हणून गुरू गहिवरला. मितराँ शिष्य नव्हता. मला तर त्या मिठीत थोडा हेवा, थोडी हार आणि "हे असंही करता येत होतं" असा चटका दिसतो. पण मी बांद्यात बसून हे म्हणतेय, हे खरं. एवढं मात्र नक्की, की माझं मत लूव्हिएला असतं तर १९५८लाही मी ते मेंदेस फ्रान्सनाच दिलं असतं, आणि निकाल लागल्यावर नगरपालिकेत जाऊन त्यांच्याशी भांडले असते: खासदारकी गेली ती गेली, पण पट्टा कशाला उतरवताय, साहेब, पुढच्या शनिवारी लग्नं कोणी लावायची?